खिरापत मागणारी मुलगी

डिसेंबरात आमच्या शाळेला एका ऑनलाइन कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. वेगवेगळ्या देशांतली मुलं नाताळची गाणी आपापल्याकडे कशी म्हणतात, ते एकमेकांना दाखवणार होती. तेल्हारा तालुक्यातली आमची शाळा, सारी कास्तकारांची मुलं. नाताळ त्यांना सुट्टीपुरता ठाऊक. मी इंग्रजी शिकवते, म्हणून हे लोढणं माझ्याच गळ्यात आलं.

पंधरा दिवस सहावीच्या मुलींकडून एक इंग्रजी गाणं घोकून घेतलं. त्यांतल्या एकीचा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जावा इतका खणखणीत, पण उच्चार पार वऱ्हाडी. परदेशी लोक हसतील या धाकानं मी तिला म्हटलं, "तू मागं उभी राहा आणि नुसते ओठ हलव." तिला गाण्याची किती हौस आहे, ते मला माहीत होतं. तरी म्हटलं. ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर आधी पोलंडची मुलं आली. काठीवर मोठी कागदी चांदणी, ती गरगर फिरवत तिथली मुलं दारोदार गात जातात. मग फिलिपिन्सची. त्यांनी बाटल्यांची बुचं ठोकून चपटी केली होती, तारेत ओवली होती. त्यांच्या तालावर गायचं, आणि गाणं झालं की घरचे हातावर काहीतरी ठेवतात. आमच्या मुली आ वासून बघत होत्या. मीही. इतक्या लांबची लेकरं, आणि दारात उभं राहून गायची रीत इतकी ओळखीची.

मग आमची पाळी आली. दुसऱ्याच ओळीला सगळ्या गप्प. मी पुढचे शब्द सांगितले, तेही कुणी उचलले नाहीत. माझं डोकं तापायला लागलं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. ती भुलाबाईचं गाणं म्हणत होती, आमच्याकडच्या पोरी भादव्यापासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन म्हणतात ते.

"अवं, भुलाबाई तं कोजागिरीलेच गेली न," एकीनं टोकलं.

"मंग काय झालं? हे बी तं घरोघरीच म्हनून राह्यले." तिनं पुढचं कडवं धरलं.

बाकीच्या टाळ्या देऊ लागल्या. तिकडून बुचांचा खुळखुळाट येऊन मिळाला, इंटरनेटमुळे जरासा मागे पडत. एवढं मोठं जग आमच्या वर्गात मावलं होतं, आणि ते ती एकटी चालवत होती.

गाणं संपताच ती पडद्याजवळ गेली. "आता खिरापत दाखवा." भुलाबाईत घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं असतं; मग तो खाऊ गाणाऱ्या पोरींना वाटतात, तीच खिरापत. तिनं दोन देशांकडे खुशाल खिरापत मागितली. मी ओशाळून इंग्रजीत समजावलं. पडद्यावर पळापळ झाली, आणि मग दोन्हीकडून एकेक बंद डबा हलू लागला. फुटाणे, बत्तासे, शेंगदाणे, मुरमुरे. आमच्या मुलींचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. तिन्ही देशांतली मुलं हसत सुटली.

पडदा बंद झाल्यावर मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं. तुला मागं उभं करायला नको होतं."

"जाऊ द्या न मॅडम," ती म्हणाली. "पन तुमची खिरापत?"

गाणं मीही ऐकलं होतं, आणि तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.