ट्यूबची पट्टी

शेषरावबद्दल लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चष्मा शोधायचो, नाहीतर उठून जायचो. आता त्याच्या माघारी लिहितोय, हाही भ्याडपणाच.

आमचं कधी पटलं नाही. परभणीतल्या क्रेनच्या यार्डात मी सुपरवायझर, तो ऑपरेटर. वालूरचा, काटक, तोंडाचा तिखट. चहावाल्यालाही सरळ बोलायचा नाही, "साखर काय सासरवाडीला ठेवून आलास?" म्हणायचा.

वायरलेस रिमोट आला तेव्हा मात्र तो खुलला. कॅबिनमध्ये बसून दुसऱ्याच्या इशाऱ्यावर वजन उचलायचा त्याला राग होता. आता रिमोट पोटाशी अडकवून, जिथून वजन आणि माणसं दोन्ही दिसतील तिथे तो उभा राही. रिमोटच्या कडेला दाबून धरायचं बटण होतं. बोट सुटलं की क्रेन जागीच थांबे. दिवसभर दाबून बोटं आखडत, म्हणून आमच्याकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून बटण दाबलेलंच ठेवायची रीत पडली. शेषराव दिसेल ती पट्टी कापून माझ्या टेबलावर आणून टाकी.

"साहेब, बोट दुखायलंय तर बोट बदला. क्रेनला आंधळी कशाला करायलाव?"

"तुझ्यामुळे काम रखडतं."

"रखडू द्या. मेल्यालं माणूस काय काम करणार हाय?"

जिंतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये शेडच्या लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, चढवत होतो. शेषराव रिमोट ठेवून जेवायला बसला. मला घाई होती. मी पट्टी बांधली आणि स्वतःच कैची उचलायला घेतली. सांडलेल्या सरकीवरून पाय घसरला. पालथा पडलो, रिमोटवरचा क्रेन फिरवायचा लीव्हर अंगाखाली दाबला गेला, आणि बोट सुटूनही क्रेन थांबली नाही. कैचीला बांधलेली दोरी धरून उभ्या आमच्या हेल्पर देविदासचं लक्ष वर होतं. फिरत आलेल्या कैचीने त्याचा पाय भिंतीशी चिरडला. शेषराव उष्ट्या हाताने धावला, माझ्याखालून रिमोट ओढला आणि लाल बटण ठोकलं.

लोक जमले तेव्हा रिमोट त्याच्या हातात होता. आमच्या यार्डाच्या मालकाने विचारलं, "पट्टी कोणी बांधली?"

"यालाच विचारा," मी म्हणालो.

शेषरावने मला आईवरून शिव्या घातल्या. तो रोजच भांडायचा. त्या दिवशीचं खरं भांडण कोणी ओळखलं नाही. त्याचं काम गेलं. पुढे त्याच्या हाती क्रेन कोणी दिली नाही.

म्हातारपणी एकदा वालूरला त्याच्या दारात गेलो. बस म्हणाला नाही.

"शेषराव, माझं त्या दिवशी…"

"मला काय सांगायलाव? मला ठावं हाय. ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा. मंग या, चहा पाजतो."

तिथून यार्डात गेलो. फाटकावर देविदास कुबडी घेऊन बसला होता. मालकाने त्याला राखणदार ठेवलं होतं. वालूरहून आलो, एवढंच बोललो.

"त्या हरामखोराचं नाव काढू नका, साहेब."

मी काढलं नाही.

शेषराव गेल्याचं मला देविदासनेच कळवलं. "बरं झालं," म्हणाला. मी मान हलवली.

देविदास, पट्टी मी बांधली होती. रिमोटही माझ्याच हातात होता. शेषराव, माझं चुकलं.