राजासाठी नेसलेली चटई

जगाचा नकाशा चुकीचा छापला आहे आणि तो दुरुस्त करायचं काम आपल्याच गळ्यात आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो मूळचा टोंगा या समुद्रातल्या बेटांच्या देशाचा. इथे परदेशात, ईस्ट टामाकी या उपनगरातल्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. भिंतीवरच्या नकाशात त्याचा देश माशी बसून उडाल्याएवढा होता, म्हणून त्याने मार्करने शेजारी आपल्या पंजाएवढा टोंगा काढला होता. आणि पंजा असा, की त्यात दोन नारळ सहज मावावेत. जेवणाच्या सुट्टीत तो खोकी मांडून आम्हाला भूगोल शिकवायचा. दक्षिणेचं मोठं खोकं म्हणजे राजाचं बेट, उत्तरेला डोंगराळ बेटं, मधली इतकी सपाट की “समुद्र शिंकला तरी पाय ओले!” पूर्वेला समुद्राच्या पोटात खंदक. मला तो सिस, म्हणजे बहीण, म्हणायचा. “तुमचा हिमालय टाक त्यात, सिस. शेंडीसुद्धा वर राहणार नाही.” हिवाळ्यात टोंगाचं घड्याळ इथल्यापेक्षा तासभर पुढे असतं. हा मनगटावर टोंगाचीच वेळ ठेवायचा, त्यामुळे हिवाळाभर तासभर आधी हजर आणि डबाही तासभर आधी फस्त. मग माझ्या थालीपिठाकडे बघत बसायचा.

माझे बाबा इचलकरंजीत कामगार चळवळीची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले ती त्या ओल्या कागदांवर. राजा हा शब्द ऐकला की माझं डोकं तापायचं.

“राजाने तुला काय दिलं? हे गोदाम?”

“आमच्या एका राजाने कायदा लिहून सरदारांच्या तावडीतून रयत सोडवली. एक कागद, सिस. म्हणजे पत्रकच.”

“आणि गादी मात्र घरातच ठेवली!”

“मग काय तुला द्यायची होती?”

२०१२ साली त्यांचा राजा वारला. दुसऱ्या दिवशी हा काळ्या कपड्यांवर पिवळं जाकीट आणि कमरेला झाडाच्या पानांची विणलेली, कडा झिजलेली भली मोठी चटई गुंडाळून आला. त्यांच्याकडे सुतक असं पाळतात. मॅनेजर म्हणाला, यंत्राजवळ सैल काही चालणार नाही. काढ, नाहीतर घरी जा. नियम बरोबर होता. पण हा सुतक संपेपर्यंत हातगाडी ढकलायला तयार होता. तेवढं एक पत्र लिहून दे, म्हणून तो माझ्याकडे आला, कारण गोदामातली सगळ्यांची पत्रं मीच लिहायचे. सगळ्यांच्या सुट्टीसाठी मी लिहिलेल्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती.

मी म्हणाले, “राजासाठी मी एक अक्षर लिहिणार नाही.”

“स्वीट ॲज, सिस,” म्हणजे ‘चालेल’, एवढंच म्हणाला आणि घरी गेला. तो एजन्सीने पाठवलेला कंत्राटी माणूस. पुन्हा कामावर बोलावणारा फोन त्याला आलाच नाही. भिंतीवरचा टोंगा कुणीतरी स्पिरिटने पुसला. माझ्या तत्त्वाला एक ओरखडाही आला नाही.

तीन वर्षांनी बाबा गेले. माझा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जासोबत अडकलेला. माझ्या ओटाहुहुतल्या भाड्याच्या खोलीत मी बाबांना दिलेला अग्नी फोनवर पाहिला. चौथ्या दिवशी दार वाजलं. तो उभा होता. कुणाकडून कळलं, देव जाणे. काळे कपडे, कमरेला चटई.

“ही तीच?” मी विचारलं.

“तीच. जाणारा आपल्याहून मोठा असला की मोठी, जुनी चटई नेसायची.” खाली बसून त्याने माझ्या चपला, लाटणं आणि पाण्याचा पेला ओळीने मांडला. “आता दाखव. तुझ्या बाबांचं गाव कुठे? नदी कुठून जाते?”

मी दाखवत गेले. पेल्यापाशी, म्हणजे बाबांच्या छापखान्यापाशी, आल्यावर माझं बोट तिथेच थांबलं.

उठताना त्याच्या कमरेची काथ्याची दोरी सुटली. पोट मोठं, मागे हात पोचेना. मी मागे गेले आणि घट्ट गाठ मारून दिली.