सलीमचं रक्त, जुबेदाचे सांधे

"डास चावलेत, मॅडम," जुबेदा म्हणाली. तिच्या पायांवर बारीक लाल-जांभळे ठिपके उठले होते. मी बोटाने दाबून पाहिलं. डास चावल्याचा ठिपका दाबला की क्षणभर फिका पडतो. हे पडत नव्हते. म्हणजे कातडीखाली रक्त झिरपत होतं.

ती नेहमीच्या इंजेक्शनसाठी आली होती. सिरिंज भरलेली होती. मी ती बाजूला ठेवली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी आठवड्यातले दोन दिवस पेणला आणि बाकीचे रोह्याला पेशंट बघायचे. जुबेदा रोह्याची, तिशीतली, आईबरोबर राहायची. धाटावच्या कंपन्यांमधल्या कामगारांचे युनिफॉर्म शिवायची. तिला रूमॅटॉइड संधिवात होता. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी यात स्वतःच्याच सांध्यांवर उलटतात. तिचा प्रकार जहाल होता. सकाळी बोटांची मूठ वळत नसे. कात्री धरायला आई लागे.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या सरांनी तिला सोन्याची इंजेक्शनं सुरू केली होती. सोन्याच्या क्षारांचं हे औषध तेव्हा सर्रास वापरात होतं. "अंगावर नाय, पण पोरीच्या अंगात सोनं हाय," असं तिची आई सगळ्यांना सांगायची. या औषधाने क्वचित कुणाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज, बंद पडते. म्हणून आम्ही दर वेळी रक्त तपासायचो. मागचा रिपोर्ट चांगला होता. त्या दिवशीचा भयंकर होता. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच तळाला गेलेलं.

मी सरांना फोन लावला.

"ताबडतोब पाठव," ते म्हणाले. "भावंडं किती?"

"एक भाऊ. मस्कतला असतो."

"बोलाव त्याला."

औषध थांबवूनही मज्जा जागी झाली नाही. आता एकच मार्ग होता. जुळणाऱ्या भावंडाचा मगज काढून तिच्या शिरेतून द्यायचा. त्यातल्या मूळ पेशी हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त तयार करू लागतात. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता साधारण चारात एक.

सलीमशी मी स्वतः फोनवर बोलले. मस्कतला तो क्रेन चालवायचा.

"माझ्या हाडातलं काढणार? मग मी परत क्रेनवर चढेन ना?"

"चढाल. थोडे दिवस कंबर दुखेल."

"आणि आपा?"

"हे केलं नाही तर ती जगणार नाही. केलं तरी खात्री नाही."

मग तो म्हणाला, "येतो. सायबानं नाय सोडलं तरी येतो." साहेबाने सोडलं नाही. तो आला आणि नोकरी गेली.

तो जुळला. जुबेदाला आधी जबर औषधं दिली, तिच्या उरलेल्यासुरल्या पेशी मारून टाकण्यासाठी. मग सलीमचा मगज दिला. तापात तिचे फार वाईट दिवस गेले. सरांनी एकदा मला फोनवर सांगितलं, "आईला इकडे येऊन राहायला सांग. काही सांगता येत नाही." तरी ती त्यातून निघाली. काही महिन्यांनी घरी परतली, डोक्यावर नवे, मऊ केस घेऊन.

दवाखान्यात येऊन तिने माझ्यासमोर मूठ वळली. घट्ट. सांध्यांची सूज पूर्ण गेली होती.

आम्ही उपचार केला होता बंद पडलेल्या मज्जेचा. संधिवात आपोआप गेला होता. सर खूश झाले. "कॉन्फरन्सला मांडू या. रूमॅटॉइड बरा झाला, असं शीर्षक देऊ."

"सर, जरा थांबू या?"

"किती?"

"काही वर्षं."

त्यांना ते आवडलं नाही. पण थांबले.

ती वर्षं जुबेदाने मनापासून वापरली. मशीनला मोटर बसवली. हाताखाली दोन मुली घेतल्या. सलीम मस्कतला परतला नाही. पुढे डोलवीला पोलादाचा कारखाना आला, तिथे कंत्राटदाराकडे क्रेनवर लागला.

मग एकदा जुबेदा आली आणि तिने उजवा हात टेबलावर ठेवला. दोन बोटांचे सांधे सुजले होते.

"तेच हाय ना, मॅडम?"

"तेच वाटतंय."

मला वाटलं, तिच्या जुन्या पेशी पुन्हा उगवल्या असणार. मुंबईला तपासणी केली. ती सोपी होती, कारण मगज पुरुषाचा होता आणि पुरुषाच्या पेशी क्रोमोसोमवरून ओळखू येतात. रिपोर्ट आला: तपासलेल्या सगळ्या रक्तपेशी सलीमच्या. म्हणजे निरोगी भावाच्या पेशीही बहिणीच्या अंगात राहून तिच्या सांध्यांवर उलटल्या होत्या.

हे सांगायला मी दोघांना बोलावलं. सलीम ड्यूटीवरून तसाच आला होता. ऐकताना मान खाली घालून बसला.

"मला तर हा आजार नाय. मग माझ्या रक्तानं तिला कसा दिला?"

"तुम्ही दिला असं म्हणता येत नाही."

"मग कुणी दिला?"

"माहीत नाही. मलाही नाही, सरांनाही नाही."

त्याचे डोळे भरून आले. जुबेदा वैतागली. "गप रे! तू दिलेलं रक्त चालतंय, म्हणून मी हितं बसलेय. दुखतंय ते माझं हाय."

सरांना कळवलं. "मग तर आता केस जास्त महत्त्वाची झाली," ते म्हणाले. त्यांनी ती मांडलीही. शीर्षकातून 'बरा झाला' काढून टाकलं होतं.

दुखणं परतलं ते पहिल्यापेक्षा सौम्य होतं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांवर ते आटोक्यात राहिलं. जाड कापड कापायचं काम तिने मुलींवर सोपवलं, शिलाई स्वतःकडे ठेवली.

दशक संपता संपता अशा आजारांवर मूळ पेशींच्या उपचाराच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. पेशंट कात्रणं घेऊन विचारायचे, "यानं कायमचं जातं का?" मी सांगायचे, काहींना चांगली वर्षं मिळतात, आणि ती थोडी नसतात. पण उपचाराचा निकाल पेशंट घरी परततो त्या दिवशी लागत नाही. पाच वर्षांनी पेशंट कसा आहे, ते आधी विचारा.