रविवारचा अहिराणी सिनेमा

जळगावच्या एका केबल चॅनलवर रविवारी दुपारी कोणता सिनेमा लावायचा, हे मी ठरवायचो. निदान मला तसं वाटायचं. एकदा मी अहिराणी सिनेमा ठरवला आणि आठवडाभर पडद्याखाली तशी पट्टी फिरवली. शुक्रवारी आमच्या सर्वांत मोठ्या जाहिरातदाराचा, साड्यांच्या दुकानाच्या शेठजींचा फोन आला.

"तो गावठी सिनेमा काढा. मारामारीचा हिंदी लावा, नाहीतर माझी जाहिरात बंद."

आमचे मालक मला म्हणाले, "जाऊन समजाव. नाहीच ऐकलं तर बदलून टाक."

शनिवारी मी दुकानात गेलो. शेठजी एरंडोल रस्त्यावरच्या खेड्यातल्या एका अक्कांना लग्नाच्या साड्या दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "आले केबलवाले."

अक्का लगेच माझ्याकडे वळल्या. "भाऊ, रविवारले आपला अहिराणी पिक्चर शे ना? घरमा बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

त्यांच्या घरचे सगळे वाट पाहत होते तर! मी शेठजींकडे पाहिलं. त्यांनी समोरच्या साड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"शे, शे," शेठजीच घाईनं म्हणाले. "आमच्याच दुकानातर्फे शे."

बाहेर आलो तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली होती.