मसाल्याच्या राखणीला एरिक

आमच्या घरच्या वर्षभराच्या मसाल्याची राखण करायला एका मे महिन्यात परमेश्वराने खुद्द आपला माणूस पाठवला. (माणूस फिनलंडचा होता. मसाला मात्र लालबागचा!)

एरिक त्याचं नाव. वय जेमतेम पंचवीस, उंची आमच्या दाराच्या चौकटीला न मानणारी. मिशनच्या वृद्धाश्रमात सेवा करायला आला होता. तिथल्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून पाळकसाहेबांनी त्याला आमच्याकडे आणून सोडलं. पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पण शाळेत माझ्याच बाकावर बसायचे. नाही कसं म्हणणार?

पठ्ठ्या मराठी शिकून आला होता, फक्त ती पणजोबांच्या काळातली! मला 'बंधू' म्हणायचा आणि आईला 'माते'. पोटच्या पोराने जन्मात कधी 'ए आई'च्या पुढे मजल मारली नव्हती, त्यामुळे आई पहिल्याच दिवशी खलास. सुरमईची मधली तुकडी त्याच्या पानात, शेपटी माझ्या.

"काय मग एरिक, कसा वाटला आमचा देश?" मी विचारलं.

"अद्भुत, बंधू! सर्व जण मला जेवलास काय असे विचारतात. मी होय म्हटले तरी वाढतात. परंतु माझा घाम कोठे थांबतो?"

"तो इथे कोणाचाच थांबत नाही रे."

तर झालं काय, त्या रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये एरिकचं पहिलं मराठी भाषण होतं. विषय 'या देशाचे माझे पहिले दर्शन'. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, लोकांसमोर मराठीत उभं राहता आलं तरच त्याला इथे ठेवता येईल. नाहीतर वरचे लोक पाचगणीच्या ऑफिसात टायपिंगला पाठवतील. पोराला इथेच राहायचंय. तू फक्त त्याला वेळेवर आणि स्वच्छ कपड्यांत आण."

"त्यात काय! माझ्यावर सोड," मी म्हणालो. (हे वाक्य मी बोललो की आमच्या घरात सगळे देव आठवतात.)

आणि नेमका त्याच दुपारी आईचा डंखावर नंबर लागला. डंख म्हणजे लोखंडी मुसळं धाडधाड आपटून मसाला कुटणारं यंत्र. लालबागेत मे महिन्यात तिथला नंबर चुकवणं म्हणजे वर्षभर शेजाऱ्यांच्या मसाल्यावर जेवणं. शिवाय आपली मिरची टाकून निघून यायचं नसतं. डंखासमोर बसायचं आणि शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत हलायचं नाही. दरवर्षी आई बसायची. यंदा तिचा गुडघा सुजलेला.

"माते, मी जातो," पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालेला एरिक म्हणाला.

"एकटो नको. ह्याका घेऊन जा," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि डबो हातातून सोडू नको हां, बाबा. कोणाकडे म्हणजे कोणाकडे देव नको!"

डंखाच्या दारात पाऊल टाकलं आणि मला पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं. नाकातोंडावर रुमाल दाबला तरी थांबेना. रांगेतल्या घोडपदेवच्या एक मावशी उसळल्या, "ए भाऊ! लोकांच्या मसाल्यात शिंकतोस काय? आधी बाहेर हो!"

"मावशी, मी लालबागचाच..."

"मग लाज वाटू दे की जरा! तो गोरा बघ कसा बसलाय."

एरिक खरंच योग्यासारखा बसला होता. मी फुटपाथवर उभा राहून नाकाडोळ्यांतून धारा लावल्या आणि अधूनमधून दारातून "ठीक आहेस ना रे?" असं ओरडलो. आतून "अद्भुत, बंधू!" ऐकू यायचं.

अखेर तो डबा छातीशी धरून बाहेर आला. शर्ट वीटकरी, भुवया लाल, केसांतही तिखट! आणि बाहेरच्या उन्हात घाम डोळ्यांत उतरला, तो त्याने तळहाताने पुसला.

"बंधू! अग्नी!"

"चोळू नको! थांब, मी पुसतो!" असं म्हणून मी खिशातला रुमाल त्याच्या डोळ्यांवर दाबला. मगाचा तोच. ज्याने मी डंखाच्या दारात तिखटाची धूळ गाळत होतो तोच! एरिकने त्याच्या मातृभाषेत काहीतरी आरोळी ठोकली. प्रार्थनाच असावी, अशी माझी श्रद्धा आहे.

घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. टॅक्सी केली. भारतमाता सिनेमा ओलांडायच्या आत ड्रायव्हर शिंकायला लागला.

"क्या लेके बैठे हो साब? उतरो! आक्छी! पैसा भी नहीं चाहिए, उतरो!"

उतरलो आणि धावत सुटलो. "तो डबा तरी दे माझ्याकडे," मी म्हटलं.

"नाही, बंधू. मातेने कोणाकडे देऊ नको असे सांगितले आहे."

चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या बाकावर आई, गुडघ्याला पट्टा बांधून, खास टॅक्सी करून आलेली. पाळकसाहेबांनी एरिककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आमची शाळेपासूनची मैत्री संपली होती. पोराची पाचगणी मी पक्की केली होती.

एरिक डब्यासकट समोर उभा राहिला. कागद वाचायला डोळे उघडेनात. गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज चिरकला होता. वर पंखा गरगरत होता.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "मी या देशात काही देण्यास आलो, असे मला वाटत होते. परंतु येथे मी आल्यापासून फक्त जेवत आहे." लोक हसले. "आज एका मातेने तिच्या घराची वर्षभराची चव माझ्या, एका परक्याच्या, हातात ठेवली. माझ्या देशात माझी आईदेखील मला तिच्या स्वयंपाकघरात येऊ देत नाही."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या दोन बाकांवर हुंदके सुरू झाले. (अर्धे तरी शिंकांचे होते. पंख्याने आपलं काम चोख केलं होतं.) मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

"आणि माझा हा बंधू," एरिकने माझ्या दिशेने हात केला, "मी आत श्रम करीत असता दाराबाहेर उभा राहून माझ्यासाठी सतत अश्रू ढाळीत होता!"

सगळं चर्च वळून कौतुकाने माझ्याकडे पाहू लागलं. मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला.

"रडता कसलो! त्याका लहानपणापासून मिरचेच्या शिंका येतत!"

चर्चमध्ये एवढा हशा त्याआधी कधी पिकला नसेल. हसून आणि शिंकून बेजार झालेल्या पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "एरिक कुठेही जात नाही. तो लालबागचाच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने उठून डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि एरिकच्या पाठीवरून हात फिरवला.

मग पाळकसाहेब माझ्याजवळ आले. डोळे पुसत म्हणाले, "पाचगणीला टायपिंगला माणूस अजून हवाच आहे रे. हवा थंड, मिरची अजिबात नाही. तू विचार कर."

मी काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "इचार कसलो करतंस? बॅग मी भरून देतंय!"