मालकाचे बैल

सूड विसरावा म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या आईला कुणी भर चावडीत नाक घासायला लावलेलं नसतं. माझ्या आईला लावलं होतं.

आम्ही मेंढरंवाले, पाचोडच्या पलीकडच्या एका गावचे. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, तरी गावचे निवाडे मालकच द्यायचा. मालक म्हणजे गावचा मोठा जमीनदार. मी त्याला आजही अहो-जाहो करत नाही. त्यानं खतासाठी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली होती. सकाळी शेजाऱ्याची ज्वारी खाल्लेली निघाली. "ज्याच्या जनावरानं खाल्ली त्यानं नाक घासायचं," मालक म्हणाला आणि आईकडे बोट केलं. आईनं घासलं. ज्वारी खाल्ली होती मालकाच्याच सुटलेल्या बैलांनी. त्याच्या गड्यानं ते पाहिलं होतं. दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं, पण मालकाला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

औरंगाबादला कॉलेजात गेल्यावर मी त्याचंच नाटक लिहिलं. बैलांची गोष्ट शेवटपर्यंत झाकून ठेवली होती. छावणीत राहणाऱ्या आमच्या सरांनी वाचून नाक मुरडलं.

"हे कोडं झालं. बैल आधी दाखव. प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि मालकाला काहीच नाही. मग बघ, त्याचा एकेक शब्द त्याच्याच गळ्यात पडतो की नाही."

मी बदललं. पहिल्याच प्रवेशात विंगेतून घुंगरमाळा वाजल्या आणि गडी ओरडला, "मालकाचे बैल सुटले!" पुढं गुलमंडीतून आणलेला फेटा बांधून आमचा नट चावडीत गरजला, "कुणाची बी गय करणार नाय!" सभागृह खदखदून हसलं. मला त्या हसण्याचा रागच आला. शहरातली माणसं एका सोंगाला हसत होती, आणि ज्याला ऐकवायचं तो गावात लोडाला टेकून बसला होता.

पण तो आपल्या पायानं चालत आला. गावच्या पोराचं नाटक शहरात गाजलं म्हणून त्यानं जत्रेत प्रयोग ठेवला, मांडवही स्वतः घातला. नाटक कशावर आहे हे विचारलंसुद्धा नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू.

जत्रेत तो पहिल्या रांगेत बसला. घुंगरमाळा वाजल्या तेव्हा हसला. चावडीच्या प्रवेशात तर मांडीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाला, "लई येडं हाय हे. सोताच्याच बैलाचा निकाल करतंय. घासायला लावा त्यालाच नाक."

मांडवात कुणीच हसलं नाही. सरांनी मला शिकवलं ते आमच्या गावाला आधीच येत होतं. इतकी वर्षं गाव हेच नाटक फुकट बघत होतं. एवढं शांत का म्हणून मालक मागं वळला. रंगमंचाकडे कुणीही बघत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. एकटा त्याचा गडी खाली मान घालून बसला होता. त्या गड्याकडे बघता बघता त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला आणि माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

तो उठला, उपरणं सावरत बायकांच्या बाजूनं बाहेर निघाला. तिथं आई बसली होती. ती जागची हलली नाही, तिनं आवाजही चढवला नाही.

"बसा की मालक," ती म्हणाली. "निकाल राह्यलाय अजून."

मालक तिथंच मातीत खाली बसला.