भागिरथाच्या मागोमाग

मेडशीच्या बसथांब्याजवळ पुंजाजीचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बत्तीस वर्षं तो त्या मशीनवर बसला आणि बायको भागिरथा बाजूला बसून काजं-बटणं करत राहिली. तीन वर्षांपूर्वी ती वरणात दोनदा मीठ टाकायला लागली. मग शेजारणींची नावं विसरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे. गोळ्या देऊ, पण गेलेलं परत येणार नाही.

त्यानंतर तिला चालण्याचं वेड लागलं. दर दहा मिनिटांनी ती उठायची, पदर सावरायची आणि दाराकडं निघायची.

"कुठं चालली?"

"घरी."

"हे घरच हाय ना तुह्यं."

"नाई. मले घरी जायचं हाय." तिचं घर म्हणजे अनसिंगचं माहेर. तिथं आता कोणीच राहत नव्हतं.

पुंजाजी मशीन थांबवून मागं धावायचा, हात धरून तिला आणायचा. पायडलवर पाय ठेवला की ती पुन्हा उठलेली. एकदा ती वाशिमच्या एसटीत चढून बसली. मालेगावला कंडक्टरबाईनं तिला उतरवून घेतलं आणि पोलिसांच्या हवाली केलं, म्हणून सापडली. त्या रात्री पुंजाजीनं तिच्या साऱ्या झंपरांना आतून आपला फोन नंबर शिवला. पण त्या दिवसापासून त्याचा जीव कुठंच ठरेना. जेवताना कान दाराकडं, अंघोळ करताना कान दाराकडं.

पुंजाजी ख्रिस्ती. त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात बरा झाला आणि तिथंच त्यानं येशूला मानलं. गावात अशी सहा घरं. दर रविवारी ती पास्टर हरिसिंगच्या घरी जमतात. गाणं भागिरथाच उचलायची. पुंजाजीनं तिच्यासाठी शुक्रवारचे उपास धरले, गुडघे टेकून रडला, प्रभूला म्हणाला, इले बरं कर. उपासाच्या पाचव्या शुक्रवारी भागिरथानं त्यालाच विचारलं, "तुमी कोनाचे?" त्यानंतर त्याला प्रार्थना करताना राग यायला लागला.

जून आला. शाळेच्या गणवेशाचं काम आलं. तारीख पक्की होती आणि दीडशे हाफपँटी कापून पडल्या होत्या. त्या सकाळी भागिरथा सहाव्यांदा उठली तेव्हा पुंजाजीनं कापडाची एक पट्टी घेतली आणि तिचा हात खाटेच्या पायाला बांधला. ती ओरडली नाही. पट्टीकडं बघत राहिली. दुपारपर्यंत त्यानं अकरा पँटी शिवल्या. ती बसल्या जागी ओली झाली, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

शेजारची रत्नमाला ताक द्यायला आली, ती दारातच थबकली. "भाऊ, हे काय करून राह्यले तुमी?"

"तू जाय आपल्या घरी," पुंजाजी म्हणाला.

रत्नमालाचं घर बौद्ध. तीस वर्षांचा शेजार. पुंजाजी तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. ती ताक ठेवून गेली. पट्टी सोडली तेव्हा भागिरथाच्या मनगटावर लाल वळ होता. पुंजाजीनं त्याला खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलं. आठ दिवस बांधलं. काम वेळेवर गेलं.

तीन रविवार तो प्रार्थनेला गेला नाही. चौथ्या रविवारी प्रभुभोजन होतं: येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी वाटून खायची, पण मनात पाप ठेवून ती घ्यायची नाही. भागिरथाला घेऊन तो भिंतीशी बसला. भाकरीची थाळी त्याच्यापर्यंत आली आणि त्याचा हात पुढं होईना. मग तो उभा राहिला.

"मले नाई घेता येत," तो म्हणाला. "मी इले बांधून ठेवतो. जनावरावानी. आठ दिवस बांधली. उद्या काम आलं की पुन्हा बांधीन, मले माईत हाय. देवानं ताकद द्यावी म्हनतो, पन भेटतच नाई."

भागिरथा खोलीत फिरत होती. पास्टर हरिसिंगनं थाळी खाली ठेवली. तो आता काहीतरी बोलेल, रागावेल, असं पुंजाजीला वाटलं. हरिसिंग जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "आमाले काहून नाई सांगतलं, पुंजाभाऊ?"

सोमवारी सकाळी सात वाजता हरिसिंग बूट घालून दारात हजर. "चाल वहिनी, जाऊ घरी," म्हणाला. भागिरथा खुशीत निघाली. दोघं फाट्यापर्यंत गेली, परत आली. मंगळवार रेणूनं घेतला. ती रविवारच्या प्रार्थनेच्या मंडळीतली, अंगणवाडीत मदतनीस. रत्नमालाला कळलं तशी ती आली. पुंजाजीनं मान खाली घातली.

"मी काई तुमच्या प्रार्थनेतली नाई," ती म्हणाली, "पन बुधवार माहा."

संध्याकाळी पुंजाजी स्वतः तिच्याबरोबर चालतो. आधी तो तिला ओढून मागं फिरवायचा, आता तिच्या मागोमाग जातो. चालता चालता प्रार्थना करतो, तीही अर्धीमुर्धी, कारण रस्त्यावर गाड्या असतात आणि लक्ष तिच्याकडं लागतं. 'बरं कर' म्हणणं त्यानं सोडलं. 'प्रभू, आजचा दिस निभव,' एवढंच म्हणतो. काही दिवस निभतात. एकदा नाही निभला. त्यानं कात्री भिंतीवर फेकून मारली, मग घाबरून रेणूला फोन केला आणि ती येईपर्यंत अंगणात बसून राहिला. पण पट्टी त्यानं पुन्हा हातात घेतली नाही.

यंदा भागिरथाचे पाय थकलेत. मध्येच ती पुलाच्या कठड्यावर बसते, त्याला गिऱ्हाइकासारखं "मास्तर" म्हणते. पुढं काय, हा घोर त्याला आहेच. डॉक्टर म्हणतात, आता गिळायलाही विसरेल.

मीही त्या सहा घरांतलाच. मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर हरिसिंगच्या अंगणात मी त्याला विचारलं, "देवानं ऐकलं काय तुमचं?"

"मांगतलं ते नाई देल्लं त्यानं," तो म्हणाला. "पन मी एकटा होतो तवा मले माह्याच हाताचं भेव वाटे. आता तेवढं नाई वाटत."

एवढं बोलून तो उठला. भागिरथा फाटकाबाहेर निघाली होती, आणि समोरून ट्रॅक्टर येत होता.